लॉनवरची खूण

शिवाजीनगरच्या बसरांगेत माझ्यापुढे एकाच कंपनीच्या कॉलनीतले दोघे उभे होते.

“शेषगिरीअण्णा, तुम्ही सांगितलंत तसंच गवत कापायचं मशीन चालवलं. तरी क्लबाच्या लॉनवर सगळे पट्टे वाकडे! संध्याकाळी जनरल मॅनेजर चहाला येणार आहेत.”

“चाकाकडे बघितलं असशील, उमाकांत.”

“छे! समोरच्या टोकाची खूण धरून तिच्याकडेच बघत चाललो.”

“सरी, बरोबर केलंस. कसली खूण धरलीस?”

“नीला तिथे खुर्ची टाकून विणत बसली होती. तीच धरली.”

“बायकोला? मग ती स्वल्प हलली असेल.”

“ऊन येईल तशी खुर्ची सरकवत होती हो! मला कळलंच नाही.”

“आता साहेबांना काय सांगणार?”

“ते बघू. नीला मात्र भलतीच खूश आहे. म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच सकाळभर माझ्याकडे बघत होतात.”