आईने पाहिलेला समुद्र

आपल्या नागपूरकरांना समुद्राचं अप्रूप किती, ते तुम्हाला माहीतच आहे. माझी आई सक्करदऱ्याच्या घरात आयुष्यभर म्हणायची, "मले एकदा समुद्र पाहाचा हाय." बाबा गेल्यावर मी तिला कोकणात नेलं.

किनाऱ्यावर कॉलेजची पोरं प्लास्टिक गोळा करत होती. आईने पदर खोचला, त्यांच्याकडून पोतं घेतलं आणि लाटांकडे पाठ करून वाकली.

मी वैतागलो. "आई, इतक्या दुरून आलो. आधी समुद्र पाह्य ना वं."

"पाहीन गा. आपल्याच नाल्यातल्या पन्न्या इथं वाहत आल्या असतीन."

मी हुशारी दाखवली. "आपली नदी तिकडं बंगालच्या समुद्राले जाते. हा कचरा आपला नाही."

ती थांबली. मला वाटलं, आता पोतं खाली ठेवेल.

"मंग तिकडं आपला कचरा कोणीतरी उचलूनच राहिला असन ना," ती म्हणाली आणि पोत्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

सूर्य बुडता बुडता आम्ही पाण्यात जाऊन उभे राहिलो. लहानपणी मी आईचा धरायचो, तसा तिने माझा हात घट्ट धरला होता.