पुजलेली बाटली

मंचरला पाणी तपासणीच्या खिडकीसमोर पुष्पा मनातल्या मनात नाम घेत रांगेत उभी होती. पण पुढच्या तानूबाईंचं बोलणं कानावर पडलं आणि जप तिथंच राहिला.

“मॅडम, आमच्या नदीकाठच्या इहिरीचा रिपोर्ट आला का? सून सातव्या म्हयन्यात हाय, जीव टांगणीला लागलाय.”

“आजी, तुमची पहिली बाटली ओतून द्यावी लागली. आत हळदकुंकू होतं.”

“मग! इहीर पुजल्याबिगर पाणी काढायचं व्हय?”

“विहीर पुजा की, बाटली नको. मुलानं दुसरी आणली, तीच तपासली.”

“त्या मुडद्यानं न पुजताच भरली?”

“बरं झालं. गेल्या वर्षी पाण्यात फवारणीचं औषध निघालं होतं, आता नाही. काठावरच्या मातीत मात्र थोडं आहे.”

“तितंच फवारणीचे पंप धुवायचो आमी. आता समद्या गावानं सोडलं.”

“मग सुनेला खुशाल पाजा. तीन महिन्यांनी परत आणा.”

“आणते. बिनपुजेची!”

तानूबाई हसत वळल्या. पुष्पानं पिशवीतल्या आपल्या बाटलीकडं पाहिलं. आत तुळशीचं पान तरंगत होतं. तिनं मागच्या बाईला पुढं जायला वाट करून दिली.