टाकी दोन, रेग्युलेटर दोन आणि मी एकटा

...नाही नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा! पण आधी मला सांगा, तुम्ही रोज श्वास घेता, त्यासाठी कधी दुकानात गेलात? मी गेलो! चपला झिजवल्या! का? तर लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा नवरा-बायकोला समुद्राच्या तळाशी बुडालेलं जहाज बघायचं होतं. दोघांनी मिळून, हातात हात घालून. लोक जेवायला जातात, आम्ही तळाला जाणार होतो. कल्पना तिची, हौस माझी. डायव्हिंग शिकलो, पोट आत ओढून तो रबरी पोशाख चढवला, सगळं केलं. आणि मग आला रेग्युलेटर.

रेग्युलेटर म्हणजे, तुम्हाला सांगतो, टाकीत हवा कोंबून कोंबून भरलेली असते, ती थेट तोंडात घेतली तर गाल फाटतील. म्हणून मधे हे यंत्र. ते हवेला समजावतं, बाई, जरा हळू. पाठीवर एक मोठी टाकी, तिला एक रेग्युलेटर. आणि कडेला एक छोटी बॅकअप टाकी, मोठीने दगा दिला तर. तिला दुसरा. झालं! इतकं साधं! पण दुकानदार मला बघून असा हसला, अहो, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसा. "साहेब, मेनला हा घ्या, एकदम टॉपचा. लोण्यासारखा श्वास येतो. आणि बॅकअपला हा साधासुधा चालेल."

मी तीस वर्षं... जाऊ दे, आकडे नकोत, उभा जन्म विमा कचेरीत काढलेला माणूस आहे. मी म्हटलं, थांबा. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असताना टॉपचा, आणि बोंब झाल्यावर साधासुधा? हा कुठला न्याय? तो म्हणाला, "साहेब, साध्याचं पण एक असतं..." मी म्हटलं, काही असू दे, दोन्ही टॉपचे काढा. तेव्हा तो लगेच गंभीर झाला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब. शेवटी श्वासाचा प्रश्न आहे."

श्वासाचा प्रश्न आहे! हे वाक्य त्याने जे माझ्या डोक्यात सोडलं ना...

मग सुरू झाली निगा. समुद्राचं मीठ लागतं, म्हणून रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवायचे. तोंडाशी झाकण लावून, नाहीतर पाणी आत. आणि पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पुन्हा पाणी आत. आमच्या न्हाणीघरात बादली एकच. बायको बाहेरून, "अहो, मला कामावर जायचंय, अंघोळ करू की नको?" मी आतून, "अगं, थांब, श्वासाचा प्रश्न आहे!" मग सावलीत वाळवायचे. सावली कुठे? तर तिच्या साड्यांच्या कपाटात. तिने कपाट उघडलं, दोन काळ्या नळ्या लोंबकळताना बघितल्या आणि जी किंचाळली! शेजारी धावत आले.

तरी माझ्या जिवाला चैन नाही. नवेकोरे रेग्युलेटर घेऊन मेकॅनिककडे गेलो. तो म्हणतो, "काका, हे अजून उघडायची वेळ आली नाही." मी म्हटलं, उघडा, श्वासाचा प्रश्न आहे. त्याने उघडले, बघितले, बंद केले. "काही झालेलं नाही." आता सांगा, काही झालेलं नाही हे न उघडता कसं कळलं असतं?

आणि मेनचं ठीक आहे हो, तो सरावाला वापरात असतो. पण बॅकअप? त्याच्याकडे कोण बघतं? तो ऐन वेळी रुसला तर? म्हणून मी नियम केला. रोज संध्याकाळी सोफ्यावर बसायचं, छोटी टाकी मांडीवर, रेग्युलेटर तोंडात, आणि ठळक बातम्या संपेपर्यंत श्वास घेऊन बघायचा. अहाहा! काय श्वास यायचा! लोणी! टाकीत हवा किती ते दाखवणारा काटा मी काढून टाकला होता. का? जितके जोड कमी, तितकी गळती कमी! विमावाल्याचं डोकं! एकदा पाहुणे आले, बायको दातओठ खात म्हणाली, "अहो, निदान लोकांसमोर तरी ते काढा." मी बोललोच नाही. तोंड भरलेलं होतं.

तर तो दिवस उजाडला. समुद्र शांत, बोट जहाजाच्या बरोबर वर उभी. आमचे शिकवणारे सर, माझ्या मुलाच्या वयाचे, म्हणाले, "काका, बॅकअपमधून श्वास घेऊन दाखवा." मी छाती फुगवून तोंडात धरला, घेतला... एक आला. मस्त आला. दुसरा आलाच नाही! मी ओढतोय, ओढतोय, डोळे बाहेर... अहो, टाकी रिकामी! ठणठणीत रिकामी! आमच्या सोफ्यावर सगळा समुद्र मी पिऊन बसलो होतो!

मी ओरडलो, "पण काल तर छान येत होता!" सर शांतपणे म्हणाले, "काका, तेच तर. साधा असता तर हवा संपत आल्यावर श्वास जड लागला असता, तुम्हाला कळलं असतं. भारी रेग्युलेटर शेवटपर्यंत कळूच देत नाही." दुकानदार तेच सांगत होता का? आता त्याचा काय उपयोग?

बॅकअप नाही तर उडी नाही. बोटीवर जास्तीची टाकी नाही. बायको म्हणाली, "मग मी पण नाही जात." बघा, किती प्रेम! मी म्हटलं, "अगं, जा तू." म्हणजे म्हणायचं असतं हो असं! समोरच्याने परत एकदा नाही म्हणायचं असतं! पण तोवर तिने पायात ते बदकाचे पाय चढवले होते. त्यात तिच्या मोठ्या टाकीचा, डायव्हिंग क्लबकडून भाड्याने घेतलेला रेग्युलेटर फुरफुरायला लागला. सरांनी माझा मेन काढला आणि तिच्या टाकीला लावला. मी तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "काका, श्वासाचा प्रश्न आहे."

गेली! सरांचा हात धरून गेली. वाढदिवस आमचा, रेग्युलेटर माझा, आणि मी बोटीवर बसून तिचे बुडबुडे बघतोय. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

वर आली तेव्हा चेहरा नुसता उजळलेला. "अहो, जहाज काय सुंदर आहे! आणि तुमच्या यातून काय श्वास येतो! पुढच्या वेळी पण हा मलाच द्या हं. तुमचं काय, तुम्हाला इथे बोटीत नाकाने येतोच की."

आता तिच्याशी काय वाद घालणार? येतो म्हटलं, येतो. फक्त आज जरा जड लागतोय.