आयुषच्या मातीचं पाकीट

ऋषिकेश आणि त्याची ताई काटोलच्या एसटीत नेमके पुढच्या सीटवर येऊन बसले. मागं बसलेल्या अंकुश मिस्त्रीनं उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला. ऋषिकेशच्या बाइकच्या इंजिनमध्ये वेग वाढवायला रेसिंगचा कॅम त्यानंच टाकला होता.

"इंजिन काहून फुटलं गा, ऋषी?"

"त्या कॅमनं व्हॉल्व्ह जास्त खाली येतेत, ताई. पिस्टनवर आदळले."

"मंग मिस्त्रीनं आधी पाहाचं नाही का?"

"पाहिलं ना वं! पिस्टनवर पोराईची खेळाची मऊ माती लावाची, इंजिन हातानं फिरवाचं, अन् माती किती दबली ते पाहाचं. जागा कमी असन तर समजते. तुह्या आयुषची माती त्यानं त्याच्यासाठीच तर नेली होती."

"ते तर त्यानं वापस केली."

"उरलेली असन."

"उरलेली कायची? पाकीट फोडलंच नव्हतं."

गाडीनं दोन-तीन गचके खाल्ले.

"ताई, हे कोणाले सांगू नको. अंकुशभाऊचं नाव खराब होईन. मीच गाडी जास्त ताणली असन."

मग तो मागं वळला.

"काका, ऊन लागून राहिलं का तुमाले? खिडकी लावू?"

अंकुशनं नुसती मान हलवली. आवाज काढायची सोय नव्हती.