आपल्याच काडेपेट्यांवर कस्टम

चहा राहू द्या, आधी माझं ऐका, कालपासून डोकं फिरलंय. काडेपेट्यांवरची जुनी चित्रं मी जमवतो, तुम्हाला माहीतच आहे. त्यातली पन्नास जर्मनीतल्या एकाने दोन हजारांना मागितली. पार्सलचा फॉर्म भरताना आमचे वडील, म्हणजे नाना, शेजारी उभे. म्हणाले, "किंमत वीस हजार लिख. भारी माल समजीसन जपीसन लई जातीन." जळगावात ट्रान्सपोर्टला माल देताना आपण असंच सांगतो, म्हणून मीही लिहिलं.

तिकडच्या कस्टमने वीस हजारांवर ड्युटी लावली. गिऱ्हाईक म्हणालं, मी नाही भरत. पार्सल परत आलं, तर आपल्या कस्टमनेही ड्युटी मागितली!

"अहो साहेब, माझाच माल आहे हा!"

"असेल. पण बाहेरून आला ना? आणि वीस हजार तुम्हीच लिहिलेत."

म्हणजे पिंपळनेरच्या टपरीमागे वेचलेल्या काडेपेट्या विदेशी झाल्या! चडफडत पैसे भरले आणि घरी येऊन पाकीट नानांपुढे आपटलं. त्यांनी एकेक चित्र उलटून पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "दख, एक बी कोपरा मुडना नही!"