खालच्या खणातली मेणबत्ती

(वोरोनेत्सच्या मठाकडे जाणारा रस्ता. गाव्रीलची जुनी गाडी. मागच्या सीटवर सत्तरीची दोम्निका आणि तिची सून, दोरिनची बायको लीविया.)

दोम्निका : ती काच वर कर, गाव्रील. वारा थेट माझ्या कानात घुसतोय.

गाव्रील : बोटभर तर उघडी आहे, मावशी.

दोम्निका : मरायला बोटभर पुरते. आमच्या शेजारची आस्पाझिया अशाच बोटभर खिडकीनं गेली.

गाव्रील : ती नव्वदीच्या पुढची होती.

दोम्निका : खिडकी बंद असती तर अजून असती.

लीविया : आई, रुमाल बांधून घ्या ना कानावरून.

दोम्निका : रुमाल मठात शिरताना बांधीन. आत्तापासून बांधला तर बघणारे म्हणतील, म्हातारी आजारी दिसते.

गाव्रील : बघतंय कोण? रस्त्यावर नुसत्या गायी आहेत.

दोम्निका : आणि ही टोपली माझ्या पायावर कुणी ठेवली?

लीविया : तुम्हीच. डिकीत ठेवली तर अंडी फुटतील म्हणालात.

दोम्निका : उकडलेली अंडी फुटली तर काय बिघडतं?

लीविया : मी सकाळी हेच म्हणत होते.

दोम्निका : मग जोरात म्हणायचं. गाव्रील, हे एवढाले बंगले कुणाचे रे? तीन-तीन मजले चढवलेत.

गाव्रील : आपल्यातल्याच, इटलीला कामाला गेलेल्यांचे. स्पेनला गेलेल्यांचे. ऑगस्टात येतात, पडदे झटकतात, कोळसे पेटवून मांस भाजतात, आणि जातात.

दोम्निका : त्या एका घरातून धूर निघतोय.

गाव्रील : तिथं म्हातारी असेल. खालच्या खोलीत. वरचे मजले पाहुण्यांचे.

लीविया : आई, एक विचारू? एवढी वर्षं तुम्ही म्हणत होतात, दोरिन इटलीहून आला की तोच आपल्याला सगळे मठ दाखवील. मग यंदा एकदम कसं ठरवलंत?

दोम्निका : माझे गुडघे त्याच्यासाठी थांबायला तयार नाहीत. तो आला की परत येऊ. एकदा बघितलेलं पुन्हा बघू नये, असं कुठं आहे?

गाव्रील : हो, हो. परत येऊ की.

दोम्निका : दोनदा हो का म्हणालास?

गाव्रील : सवय, मावशी.

*

गाव्रील : ही बघा, पश्चिमेची भिंत. शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवलाय. लोक लांबून लांबून येतात हा निळा बघायला.

दोम्निका : आमच्या कुंपणाला मी याच्यासारखाच निळा लावला होता. दोन हिवाळ्यांत गेला. यांनी काय कालवलं होतं त्यात?

गाव्रील : ते कुणालाच ठाऊक नाही म्हणतात.

दोम्निका : ठाऊक असणार. सांगत नसतील. ते खाली काय चाललंय? लांडग्यानं तोंडात माणसाचा पाय धरलाय.

गाव्रील : परत आणून देतोय. देवदूतांनी शिंग फुंकलं, मेलेले उठले की ज्यानं ज्याला खाल्लं, त्यानं ते आणून द्यायचं. अस्वल डोकं आणतंय, पक्षी हात आणतोय. ती समुद्रबाई बघा, बुडालेले सगळे परत देतेय.

लीविया : ते हरीण मोकळ्या तोंडानं उभं आहे.

गाव्रील : त्यानं कुणाला खाल्लंच नाही. त्याच्याकडे द्यायला काही नाही.

दोम्निका : म्हणजे लांडगासुद्धा परत देतो.

लीविया : आई, इथं पायरी आहे. हात द्या.

दोम्निका : इटली कुठं काढलेली दिसत नाही यात.

गाव्रील : तेव्हा तिकडं कोणी जात नव्हतं, मावशी.

दोम्निका : मी मेणबत्त्या घेऊन येते. त्या खिडकीतल्या ननबाईंना सुटे पैसे लागतात, तुम्हा लोकांकडे कधी नसतात. इथंच थांबा.

गाव्रील : गेल्या. बोल आता पटकन. क्लूज शहरातल्या त्या कामाचं काय केलंस?

लीविया : हळू बोल. काय करणार? बहीण म्हणते, सोमवारी सांग. बेकरीतलं काम आहे, वर राहायला खोली आहे. मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी येईल.

गाव्रील : आणि मावशींना?

लीविया : त्यांना कसं सांगू? सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणतात, दोरिन आला तर घरात कोणी नको का? रात्री दाराला कडी घालताना म्हणतात, कडी वरची घालू नकोस, दोरिन आला तर? मी तोंड उघडलं की त्यांचं दोरिन सुरू होतं.

गाव्रील : तू इथंच राहिलीस तर?

लीविया : तर मी चाळिशीची होईन. मग पन्नाशीची. आणि मग त्या नसतील, आणि मी वरची कडी न घालता झोपत जाईन.

गाव्रील : आल्या बघ.

दोम्निका : काय कुजबुजत होतात?

गाव्रील : मी म्हणत होतो, कॉफी कुठं चांगली मिळते.

दोम्निका : कॉफीसाठी एवढं लांब तोंड करायला लागत नाही. घे लीविया, या तीन तुझ्या. या मेणबत्त्यांच्या पेटीत वरचा खण जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. खाली वाळूत तुझ्या आईची लाव, तुझ्या वडलांची लाव. दोरिनची वर लाव. वारा आहे, हाताचा आडोसा धर.

लीविया : धरते.

दोम्निका : माझ्या माणसाची लावली. माझ्या बहिणीची लावली. आता वर... लीविया, वर तुझी कुठं आहे?

लीविया : लावली.

दोम्निका : खाली तीन दिसतात. तुझी आई, तुझे वडील. ही तिसरी कुणाची?

लीविया : चुकलं असेल. धुरात दिसलं नाही.

दोम्निका : जिवंत माणसाची मेणबत्ती मेलेल्यांत? देवा. सर बाजूला.

गाव्रील : मावशी, हात भाजेल. टिनचा पत्रा तापलाय.

दोम्निका : भाजू दे. आली बाहेर.

गाव्रील : आता वर लावा.

दोम्निका : मेलेल्यांतून काढलेली जिवंतांत लावतात का कुणी?

गाव्रील : मग परत खाली लावा.

दोम्निका : वेडा झालास?

गाव्रील : मग तिचं करायचं काय? ननबाईंना विचारू?

दोम्निका : काय विचारणार? बाई, आमचा माणूस वरचा की खालचा? चल. विझवली मी. राहू दे माझ्या हातात.

*

गाव्रील : उतरा. हीच खिंड. पलीकडे उतरलं की पुढचा मठ. पण इथनं जेवढे डोंगर दिसतात तेवढे कुठूनच दिसत नाहीत.

दोम्निका : हा एवढा मोठा पंजा कसला उभा केलाय?

गाव्रील : ज्यांनी हा रस्ता बांधला त्यांची आठवण आहे.

दोम्निका : थांब म्हणतोय, का निरोप देतोय?

गाव्रील : ज्याला जसं दिसेल तसं.

दोम्निका : एकामागं एक नुसते डोंगर. आमच्याकडचं सपाट बरं. कोणी येत असला तर लांबून दिसतो.

लीविया : येत नसला तरी लांबूनच दिसतं.

दोम्निका : अंडं खा.

लीविया : भूक नाही.

दोम्निका : मिठाला लाव, भूक येते. हे चीज घे, कांदा घे. गाव्रील, तू तिकडं का उभा?

गाव्रील : चाकं बघतो जरा.

दोम्निका : चारच आहेत. ये, बस इथं.

गाव्रील : मावशी, ती मेणबत्ती अजून हातातच आहे तुमच्या. वाकली बघा पार.

दोम्निका : हाताची ऊब लागली. घरी नेते. वीज गेली की लागते.

लीविया : आई, ती चुकून लागली नव्हती.

दोम्निका : माहीत आहे.

लीविया : मी खण बघून लावली.

दोम्निका : जिवंताची तिथं लावली की त्याचं वाईट होतं, हे तुझ्या आईनं शिकवलं नव्हतं?

लीविया : शिकवलं होतं. मी म्हटलं, होऊ दे थोडं. मरावा असं नाही. सर्दी व्हावी. आठवडाभर.

गाव्रील : तिकडं उन्हानं लवकर बरी होते.

दोम्निका : तू अंडं खा.

लीविया : तो मेला असता तर मी काळा रुमाल बांधला असता. चाळिसाव्या दिवशी गहू शिजवला असता, वर साखर पेरली असती. गावातल्या बायका आल्या असत्या, माझा हात धरून बसल्या असत्या. वर्ष झालं की रुमाल सोडला असता. आता मला काही बांधता येत नाही आणि काही सोडताही येत नाही. दुकानात विचारतात, दोरिन कसा आहे? मी म्हणते, बरा आहे, कामात आहे.

दोम्निका : असतोच तो कामात. ईस्टरला फोन आला होता, तू तेव्हा नदीवर होतीस...

लीविया : ईस्टरला मी घरात होते. आई, मला मोजे माहीत आहेत.

दोम्निका : कसले मोजे?

लीविया : लाल लोकरीचे. मी झोपले की तुम्ही चुलीपाशी बसून विणायच्या. मग जॅमच्या बरण्यांच्या मध्ये दडवून गाव्रीलच्या गाडीत घालायच्या.

दोम्निका : ते होय. दोरिनच्या शेजारी एक पोर आहे. त्यांच्याकडं कोणी म्हातारं माणूस नाही, म्हणून मी...

लीविया : हे गाव्रीललाही तसंच सांगितलं होतंत?

गाव्रील : मी चाकं बघून येतो.

लीविया : तू बस. इटलीला, तोरिनोला पार्सलांची गाडी घेऊन तू जात होतास. परत आलास की अंगणात उभा राहून आईंना कोण सांगायचं, यंदा बोटभर मोठे विणा?

गाव्रील : मीच. पण मावशी म्हणाल्या शेजाऱ्यांची पोर, मी म्हटलं असेल. त्या कधी पुढं विचारायच्या नाहीत, मी कधी पुढं सांगायचो नाही.

लीविया : दार कोण उघडायचं?

गाव्रील : लीविया, कशाला?

लीविया : कोण उघडायचं?

गाव्रील : कधी तो. कधी ती बाई. बाई वाईट नाही, कॉफी विचारायची. मग पोर चालायला लागली तेव्हापासून तीच धावत यायची. मोजे तिथंच उंबऱ्यावर बसून घालायची. उन्हाळ्यातसुद्धा.

लीविया : कुणासारखी दिसते?

गाव्रील : भुवया मावशींच्या.

दोम्निका : माझ्या भुवया चांगल्या होत्या.

गाव्रील : तिच्याही चांगल्या आहेत.

दोम्निका : एकदा फोनवर मागून आवाज आला, पप्पा, पप्पा. मी विचारलं, कोण रे? तो म्हणाला, टीव्ही लावलाय. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी लोकर आणली. तुला केव्हा कळलं?

लीविया : पहिल्या जोडाला. अंगठ्याएवढा होता. मोजा विणताना तुम्ही गुणगुणत होतात. दोरिनसाठी विणताना तुम्ही कधी गुणगुणत नव्हतात.

दोम्निका : म्हणजे मी तुझ्यापासून लपवत होते, आणि तू माझ्यापासून.

गाव्रील : आणि मी दोघींपासून. सगळ्यात जास्त जपून मलाच बोलावं लागायचं.

दोम्निका : मग रविवारी ते तिसरं ताट कुणासाठी मांडत होतो आपण?

लीविया : मांडायच्या तुम्ही. उचलायची मी.

दोम्निका : तिसऱ्यातलं सूप कुत्र्याला जायचं.

लीविया : कुत्रा लठ्ठ झालाय.

दोम्निका : झालाय खरा. लीविया, त्या क्लूजच्या खोलीत चूल आहे का? का नुसता तो भिंतीवरचा गरम पाइप?

लीविया : गाव्रील.

गाव्रील : आईशप्पथ, मी नाही सांगितलं.

दोम्निका : त्यानं नाही सांगितलं. बहिणीशी फोनवर तू हळू बोलतेस, पण भिंत पातळ आहे. मग तू माळ्यावरची बॅग खाली काढलीस, फडक्यानं पुसलीस, आणि परत वर ठेवलीस. जिला जायचं नसतं ती बॅग पुसत नाही. म्हणून म्हटलं, ही निघायच्या आधी दोघींनी एकदा डोंगर बघून घेऊ. मग मला कोण आणणार?

लीविया : मी अजून हो म्हटलेलं नाही.

दोम्निका : नाहीही म्हटलेलं नाहीस.

लीविया : तुम्हाला एकटीला टाकून कशी जाऊ? हिवाळ्यात विहिरीवर बर्फ धरतो. लाकडं कोण फोडणार?

गाव्रील : लाकडं मी फोडीन. ते सोड.

दोम्निका : ऐकलंस? लाकडांचं झालं. आता पुढचं कारण सांग.

लीविया : कारण तुमचंच आहे. तुम्हीच रोज म्हणता, दोरिन आला तर घरात कोणी नको का?

दोम्निका : म्हणते. सकाळी म्हणते, रात्री म्हणते.

गाव्रील : मावशी, वारा सुटलाय. गाडीत बसू या. कान दुखेल.

दोम्निका : दुखू दे. तू जरा गप्प बस. लीविया, माझ्याकडं बघ. त्या डोंगराकडं नको, माझ्याकडं.

लीविया : बघतेय, आई.

दोम्निका : तो येणार नाही. तू राहावीस म्हणून मी त्याला रोज येत ठेवला.