मागच्या व्हरांड्यातली फट

मी, खाली सही करणार, वय ६१ वर्षे, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी, धंदा पूर्वी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक व सध्या इमारती व पाण्याच्या टाक्यांची तपासणी व मजबुतीकरण, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व मुलगी राहतो. खालच्या मजल्यावर सासूबाई, धाकटे दीर व त्यांची पत्नी, म्हणजे माझी जाऊ, राहतात. जाऊ जुन्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून त्या मजबूत करण्याचं काम करते. गेल्या महिन्याच्या भूकंपात मुलींच्या शाळेची जी इमारत मागच्या बाजूने खचली, तिचं मजबुतीकरण जावेने केलं होतं. शाळेच्या शिपाईबाई त्यात सापडल्या व त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. याबद्दल जावेवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल आहे. तिचा परवाना थांबवलेला आहे व तिला अटक होऊ शकते, हे मला माहीत आहे.

जाऊ लग्नाआधी माझी विद्यार्थिनी होती. माझे दीर एकदा माझा विसरलेला चष्मा द्यायला कॉलेजात आले, तेव्हा त्यांची ओळख झाली. पुढचं सगळं मला सर्वांत शेवटी कळलं. घरातले सगळे मला वहिनी म्हणतात, ती अजून मॅडम म्हणते. शाळेतल्या मुली तिला भूकंपताई म्हणतात. बसथांब्यावर तिचा हेल्मेट घातलेला फोटो लावलेला आहे. सासूबाई भाजीवाल्याला सांगतात, आमची धाकटी शाळा वाचवते. मोठी काय करते हे भाजीवाल्याने कधी विचारलं नसावं. मी पाण्याच्या टाक्या मजबूत करते. टाकी पडली नाही की तिचं कोणी नाव घेत नाही. माझी मुलगी त्याच शाखेत शिकते. तिचं शेवटच्या वर्षाचं काम तिने काकूच्या हाताखाली केलं. आई वरच्या मजल्यावर असताना ती रोज खाली जात असे.

या मजकुराचा प्रकरणाशी संबंध काय, असं साहेबांनी विचारलं. संबंध आहे, लिहून घ्या, असं मी सांगितलं.

शाळेच्या मागच्या व्हरांड्याला ओळीने खांब आहेत. मजबुतीकरणात ते जावेने नव्याने बांधून घेतले. मुली खाली पडू नयेत म्हणून संस्थेला दोन खांबांच्या मधे कमरेएवढी भिंत हवी होती. अशी भिंत दिसायला साधी असते, पण भूकंपात घात करते. पूर्ण उंचीचा खांब हादऱ्यात थोडा डोलतो आणि तग धरतो. अर्ध्या उंचीपर्यंत भिंतीने त्याला दोन्हीकडून आवळून धरलं, तर डोलायला वरचा आखूड तुकडाच उरतो. लांब पट्टी वाकवली तर वाकते, आखूड पट्टी वाकवायला गेलं तर मोडते. वर्गात मी हे खडूच्या तुकड्यांनी दाखवत असे. म्हणून भिंत आणि खांब यांच्यात दोन बोटं फट ठेवायची व ती मऊ स्पंजच्या पट्टीने बुजवायची, म्हणजे भिंत खांबाला धरत नाही. हा प्रश्न मी परीक्षेत दरवर्षी घालत असे. निम्मा वर्ग चुकत असे. जाऊ चुकली नव्हती.

काम पूर्ण झाल्यावर शाळेत कार्यक्रम झाला. घरचे सगळे गेलो होतो. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझे पतीही तिथेच होते. जावेचं नाव पुकारल्यावर त्यांनी ज्या जोराने टाळ्या वाजवल्या, तेवढ्या जोराने त्यांनी घरात कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. जाऊ बोलायला उभी राहिली तेव्हा मी उठले आणि इमारतीला वळसा घालून मागच्या व्हरांड्यात गेले. तिथे कोणी नव्हतं. माझ्या पर्समध्ये पोलादी पट्टी असते. ती काढून मी भिंत आणि खांब यांच्यामधल्या प्रत्येक फटीत घातली व तळापासून वरपर्यंत फिरवून पाहिली. सगळीकडे स्पंज होता. पट्टी कुठेही सिमेंटला लागली नाही. चहाचे पेले मांडणारा माणूस तिथून जात होता. तो म्हणाला, "मावशी, काही हरवलंय का?" मी हो म्हटलं. टाळ्या संपल्यावर मी पुढे न जाता घरी आले.

भूकंप झाला तेव्हा मुली समोरच्या मैदानावर होत्या. मागच्या व्हरांड्याचा टोकाचा खांब भिंतीच्या वर फुलीसारखा तडकला व त्यावरचा स्लॅब खाली झुकला. शिपाईबाई त्याच्याखाली बादली भरत होत्या. बाकीच्या इमारतीला काही झालं नाही.

त्यानंतर शाळेचे सेक्रेटरी माझ्या घरी आले. ते प्रथमच जिना चढून वर आले. एरवी ते खालीच बसत. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले की व्हरांड्यात फट नव्हतीच, भिंत खांबाला सिमेंटने चिकटवलेली होती आणि म्हणून खांब मोडला, असं सरकारी तपासणीत आलं आहे. मी म्हटलं, चिकटवली असेल तर मोडणारच. ते म्हणाले, "ती फट कार्यक्रमाच्या आधीच भरली, बाई. काम अर्धवट सोडल्यासारखं दिसत होतं. पाहुणे नावं ठेवतील म्हणून तुमच्या जाऊबाईंनीच भरायला सांगितलं. तोंडी. ठेकेदार साक्षीला आहे."

मी म्हटलं, असं का? मग मी त्यांना आणखी चहा ओतला.

सेक्रेटरींनी माझ्याकडे खोटं काही मागितलं नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. त्यांना माझं तज्ज्ञ म्हणून एवढंच मत लेखी हवं होतं, की अशा ठिकाणी फट ठेवणं आवश्यक असतं व ती नसल्यामुळे खांब मोडला. त्यातला प्रत्येक शब्द मी शपथेवर सांगू शकले असते. पुढचं कोणी विचारलं नसतं, तर आपणहून सांगायला मी बांधील नव्हते. जाताना ते म्हणाले, "मूळ विद्या तुमची, बाई. नाव मात्र दुसऱ्याचं झालं. संस्थेची नवी इमारत व्हायची आहे, ती तुमच्याच हातून व्हावी अशी आमची इच्छा आहे." मी त्यांना नाही म्हटलं नाही. त्यांचं बोलणं मला गोड लागलं. मी विचार करून कळवते म्हटलं.

त्याच आठवड्यात जाऊ वर आली. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं व केस नीट विंचरलेले नव्हते. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, ठेकेदार म्हणतो मी फट भरायला तोंडी सांगितलं. मी असं सांगेन का?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझी माणसं, तुझा ठेकेदार. फोटो काढताना सगळे तुझ्या शेजारीच उभे होते."

ती यावर चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली की फटी उघड्या होत्या हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तिच्या बाजूचा असा कोणी उरलेला नाही. साइटवरचा तिचा मदतनीस परदेशी गेला आहे व फोन उचलत नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही थांबला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मागे फिरून सगळं बघितलंच असतं, मला माहीत आहे. पण मी बोलायला उभी राहिले आणि तुम्ही उठलात. स्टेजवरून दिसलं मला."

माझं डोकं दुखत होतं, असं मी तिला सांगितलं.

"हो, दादा म्हणाले तसं," ती म्हणाली. माझ्या पतींना ती दादा म्हणते. मग तिने माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं, उरलेले मटार सोलले, भांडं धुऊन पालथं घातलं व खाली गेली. मला त्याचाही राग आला.

फटी उघड्या असल्याचं मी तिला तेव्हाच का सांगितलं नाही, असं साहेबांनी विचारलं. याचं उत्तर देणं सक्तीचं आहे का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, तसं नाही. तरी सांगते. ती माझ्यापुढे मान खाली घालून बसली होती. असं आधी कधी झालं नव्हतं. ते आणखी थोडे दिवस चालावं असं मला वाटलं.

आमच्यात वैर आहे का, असंही साहेबांनी विचारलं. वैर नाही. हेवा आहे, आणि तो माझ्या बाजूने आहे. तिच्या बाजूने असता तर मला बरं वाटलं असतं. हे असंच लिहावं असं मी हवालदारांना सांगितलं. कारण उद्या कोणी म्हणेल की घरातली बाई घरातल्या बाईला सांभाळून घेते आहे. तसं म्हणणाऱ्याने आमच्या घरी यावं व कोणालाही विचारावं.

सेक्रेटरींना मत लिहून द्यायचं तर खांब पाहायला हवा, म्हणून मी परवानगी घेऊन शाळेत गेले. काय लिहायचं ते माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं. व्हरांड्याला लोखंडी टेकू लावलेले आहेत. सरकारी तपासणीत सांगितल्याप्रमाणेच फटींमध्ये स्पंज नव्हता. तो ओरबाडून काढून तिथे सिमेंट ठासलेलं आहे व वरून भिंतीचाच रंग दिलेला आहे. काम सफाईदार आहे. ते कार्यक्रमानंतर झालेलं आहे, हे मी वर सांगितलेल्या कारणाने खात्रीने सांगू शकते.

त्यानंतर मी मोडलेल्या खांबाजवळ गेले. जावेची चूक शोधायलाच मी गेले होते. सिमेंटचं कवच गळून पडल्यामुळे आतलं लोखंड उघडं होतं. उभ्या सळ्यांना आडव्या रिंगा घातलेल्या असतात. त्या लांब लांब घातल्या किंवा त्यांची टोकं आत वळवली नाहीत, तर हादऱ्यात त्या उघडतात आणि खांबाचा भुगा होतो. बहुतेक ठिकाणी हेच आढळतं, कारण ते काम झाकलं जातं व कोणी पाहत नाही. या खांबात रिंगा नियमाने लागतात त्याहून जवळ जवळ होत्या. फक्त टोकांशी नव्हे, संपूर्ण उंचीभर. मी प्रत्येक रिंगेचं टोक बोटाने चाचपलं. प्रत्येक टोक आत वळवलेलं होतं. भिंत खांबाला कधीतरी कोणीतरी चिकटवेल, अशी शंका धरूनच तिने तो खांब बांधून घेतला होता, असं माझं मत आहे. अशी शंका वर्गात शिकवता येत नाही. मी ती शिकवलेली नाही.

आखूड केलेला खांब मोडतो तेव्हा वरचा भाग एकदम खाली बसतो. हा खांब तडकला, पण रिंगांनी त्याचा आतला भाग धरून ठेवला. स्लॅब झुकला व तिथेच थांबला. त्यावरचा कठडा शिपाईबाईंच्या अंगावर पडला, पण स्लॅब पडला नाही व त्या सरपटत बाहेर आल्या. दवाखान्यात मी त्यांना भेटले. त्या म्हणाल्या, "बाई, वरून कुणीतरी हात दिल्यासारखं झालं बघा." मी त्यांना काही सांगितलं नाही. पण तो हात कोणाचा होता हे मला माहीत आहे, म्हणून इथे सांगते.

जावेच्या कामात दोष नाही. फट काम पुरं झाल्यानंतर, तिच्या माघारी भरलेली आहे. ती कोणी भरायला लावली ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल सांगत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती उघडी होती हे मी स्वतः पट्टी घालून पाहिलेलं आहे. चहाच्या माणसाला विचारल्यास मी तिथे असल्याचं तो सांगेल असं वाटतं. भाषण चालू असताना मी तिथे एकटी का होते, हे कोर्टात विचारलं जाईल, असं साहेबांनी मला समजावलं. विचारल्यास चूक शोधायला गेले होते असं सांगेन. तेव्हाही चूक सापडली नव्हती.

मी असं काम केलं असतं का, असं मला कोणी विचारलेलं नाही व मी त्याचं उत्तर देत नाही.

सेक्रेटरींना मी आज सकाळी नकार कळवला आहे.

या जबाबाची नक्कल माझ्या जावेला देऊ नये, अशी विनंती मी केली. साहेबांनी सांगितलं की आरोपीला नक्कल मिळतेच, तो तिचा हक्क आहे. मग तिने ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवू नये एवढं तरी तिला बजावावं, असं मी म्हटलं. ते पोलिसांचं काम नाही असं साहेब म्हणाले. ते बरोबर आहे.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. नंतर चष्मा लावून मी स्वतःही वाचला. काही ठिकाणी खोडावंसं वाटलं, पण त्यात चुकीचं असं काही नाही. सांगितला तसाच तो लिहिलेला आहे, म्हणून सही करते.